सविताताई आणि अकरावा रकाना

सविताताई पिंगळीच्या, आणि लग्न झाल्यावरही पिंगळीतच राहिल्या, कारण नवरा शिवप्रसाद तिथल्याच शाळेवर मास्तर. तेविसाव्या वर्षी त्या परभणीतल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायला लागल्या. सकाळच्या पॅसेंजरनं यायचं, पेशंटचं नाव, गाव, वय लिहून घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. संगणक त्यांनी तोवर फक्त बँकेत, काचेच्या पलीकडं पाहिलेला.

दवाखान्यात संगणक आणला होता हेडक्लार्क विष्णुपंतांनी. पंत सोनपेठचे. संस्थेनं एक यंत्र घेऊन दिलं आणि बाकी सगळं या माणसानं पुस्तकं वाचून, आठवड्याला नांदेडच्या क्लासला जाऊन स्वतः उभं केलं. पेशंटांची नोंद ठेवणारी ती प्रणाली त्यांनी एकट्यानं लिहिली होती. सविताताईंना त्यांनी डब्याच्या सुट्टीत टायपिंग शिकवलं. "बोटांकडं बघू नकोस. समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघ. बोटं आपोआप जातात," असं ते म्हणायचे. महिनाभरात बोटं खरंच आपोआप जायला लागली. पुढं पंत त्यांना प्रणालीच्या आतलंही शिकवत गेले, आणि दहा-बारा वर्षांत दवाखान्यातले सगळे सविताताईंना 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणायला लागले.

मग पंत निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टर महारुद्र बोलायला उभे राहिले. संस्थापकांचे चिरंजीव, नुकतेच शिकून परत आलेले, अंगात उत्साह मावत नव्हता. शाल-श्रीफळ झालं, दोन गोड शब्द झाले, आणि ओघात ते म्हणाले, "आता पंतांबरोबर पंतांचा खटाराही निवृत्त करू!" खटारा म्हणजे ती प्रणाली. लोक हसले. सविताताईही हसल्या. थोड्याशाच, पण हसल्या. त्यांची नोकरी तेव्हा अजून कायम झाली नव्हती आणि डॉक्टर त्यांच्याकडंच बघत होते. पंतही त्यांच्याकडंच बघत होते.

पंत सोनपेठला गेले ते परत दवाखान्याची पायरी चढले नाहीत. सविताताई दर दिवाळीला ठरवायच्या, जाऊन यावं. नऊ दिवाळ्या गेल्या.

खटारा मात्र निवृत्त झाला नाही. दुसरं काही त्याच्या जागी आणायचं राहतच गेलं. सोनपेठ आणि बोरीला दवाखान्याची उपकेंद्रं निघाली, पेशंटांचा आकडा एक लाख त्र्याऐंशी हजारांवर गेला, आणि सगळं त्या एकाच यंत्रावर चाललं. दोन हजार तेवीसच्या दिवाळीनंतर एका सोमवारी ते बंद पडलं. दोन दिवस कुणाची जुनी नोंद उघडेना. बोरीहून आलेली म्हातारी माणसं ओसरीत बसून होती. कुणाच्या डोळ्यात कोणतं भिंग बसवलंय, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, काही कळायला मार्ग नाही. तिसऱ्या दिवशी नांदेडहून बोलावलेल्या माणसानं यंत्र कसंबसं चालू केलं. त्याच संध्याकाळी डॉक्टर महारुद्रांनी ठरवलं, सगळी माहिती क्लाऊडवर न्यायची. म्हणजे दवाखान्यातल्या यंत्रावर न ठेवता दूरच्या मोठ्या संगणककेंद्रात ठेवायची आणि इंटरनेटवरून पाहिजे तिथून उघडायची. सोनपेठला बसून उघडा, बोरीला बसून उघडा, एक यंत्र मेलं म्हणून कुणाचं अडणार नाही.

काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं. जानेवारीत कंपनीची दोन माणसं आली. नमुना म्हणून त्यांनी एकट्या सोनपेठ केंद्राची माहिती हलवली होती. वरच्या हॉलमध्ये भिंतीवर पडदा लावला, डॉक्टर बसले, सविताताई मागच्या खुर्चीवर बसल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, कोणतंही नाव सांगा."

सविताताईंच्या तोंडी पहिलं नाव आलं ते सुलाबाईंचं. आदल्याच आठवड्यात त्यांना तपासून पाठवलं होतं. पडद्यावर नाव उमटलं, गाव उमटलं, आणि खाली ओळ आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, उपचार पूर्ण.

तेवढ्यात छबूबाई फायली न्यायला आत आल्या होत्या. छबूबाई रेकॉर्ड रूमच्या. तीस वर्षं कागदी फायली बांधणं, लावणं, शोधून देणं हेच काम. अक्षर जेमतेम वाचता यायचं, आकडे मात्र पाठ. त्या दारातच थबकल्या.

"कोन सुलाबाई ही? मोतीबिंदूवाली का काचबिंदूवाली?"

"एकच आहेत त्या," कंपनीचा माणूस म्हणाला. "नाव एक, गाव एक, वयात दोन वर्षांचा फरक. दोनदा नोंद झाली होती, आम्ही एकत्र केली."

"एक न्हाई सायेब, दोघी हायत. जावा-जावा हायत त्या. एकीचं आप्रेशन झालं, ती बरी हाय. दुसरीला काचबिंदू हाय, तिला रोज थेंब घालायचेत. न्हाई घातले तर डोळे जात्यात तिचे."

कंपनीच्या माणसानं सांगितलं की अशा कामात चौऱ्याण्णव टक्के अचूकता म्हणजे फार चांगली समजतात.

सविताताई अशा बैठकीत कधी बोलायच्या नाहीत. आपल्याला इंग्रजी येत नाही, आपल्याकडं पदवी नाही, ही धास्ती कायम मनात. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे शंभरातले सहा चुकले. एक लाख त्र्याऐंशी हजारांतले किती झाले, सर? अकरा हजार माणसं झाली."

डॉक्टर महारुद्रांनी पडदा बंद करायला सांगितला.

दोन दिवसांनी त्यांनी सविताताईंना बोलावलं. कंपनीचं काम थांबवलं होतं. "ताई, हे तुम्ही करायचं. माणसं तुम्ही निवडा, मी कुणाला नाही म्हणणार नाही. फक्त पाडव्याच्या आत झालं पाहिजे. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याला गावी परत येतात, त्यांचं तपासणी शिबिर नव्या नोंदींवर झालं पाहिजे." आणि त्यांनी एक छापील कागद पुढं केला. अशा कामाला कोणकोणती माणसं लागतात त्याची यादी होती. आठ पदं, आठही इंग्रजीत.

सविताताईंनी कागद घरी नेला. शिवप्रसाद मास्तरांनी चष्मा लावून एकेक पद मोठ्यानं वाचलं, अर्थ लावायचा प्रयत्न केला, आणि शेवटी कागद खाली ठेवला.

"हे राहू दे. तुला कोण पाहिजे ते सांग."

"छबूबाई पाहिजेत," त्या म्हणाल्या. बराच वेळ पोळ्या लाटत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पंत पाहिजेत."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. निरोपाच्या दिवसाची गोष्ट त्यांना माहीत होती.

छबूबाईंना विचारणं सोपं होतं. त्यांची एकच अट होती. "गुडघे लय दुखायलेत माय. तीस वरीस स्टुलावर काढले. पाठीची खुर्ची दे, मग पाहिजे त्याला वळखून देते." त्याच दुपारी सविताताईंनी स्वतःची खुर्ची उचलून रेकॉर्ड रूममध्ये नेऊन ठेवली.

ज्ञानेश्वरी त्यांना व्हरांड्यात सापडली होती. बोरीची पोरगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. डिसेंबरात वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा ती प्लगजवळ जमिनीवर फतकल मारून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, कानात इयरफोन घालून इंग्रजीत मोठमोठ्यानं बोलत होती. सिस्टर तिच्यावर ओरडल्या. सविताताईंनी तिला आपल्या खोलीत आणून बसवलं आणि सहज विचारलं, काय काम करतेस? ती म्हणाली, "कंपन्यांचा डेटा क्लाऊडवर नेऊन देते." तेव्हा ती गोष्ट तेवढ्यावरच राहिली होती. आता फोन केला तर कळलं, आईवडिलांना बघायला म्हणून तिनं पुण्याची नोकरी सोडलीय आणि बोरीतून मिळेल ते काम करतेय.

ती आली. सगळं बघून घेतलं. तिचं बोलणं भरभर, हात त्याहून भरभर. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, डेटा वाईट नाहीये. कुणीतरी फार शिस्तीत ठेवलाय. पण हा अकरावा रकाना काय आहे? निम्म्या लोकांचा रिकामा, निम्म्यांच्यात तीन-तीन आकडे. सातशे तीन, सातशे एकोणीस, दोनशे चार. कंपनीनं हा कचरा म्हणून काढून टाकला होता. मी पण काढू का?"

अकरावा रकाना सविताताईंनाही माहीत नव्हता. त्या लागल्या तेव्हा तो भरणं बंद होत आलं होतं. जुन्या पेशंटांचा तेवढा भरलेला, आणि पंतांनी त्याला कधी हात लावू दिला नव्हता.

"काढू नकोस," त्या म्हणाल्या. "मी विचारून येते."

रविवारी सकाळी त्या सोनपेठच्या एसटीत बसल्या. पिशवीत त्या रकान्याच्या दहा छापील पानांची चळत होती. गंगाखेड येईपर्यंत त्यांनी मनात चार-पाच वाक्यं जुळवली आणि सोनपेठच्या स्टँडवर उतरेपर्यंत सगळी विसरल्या.

दार विमलकाकूंनी उघडलं. "अगंबाई, सविता! किती वाळलीस गं!" काकूंनी हात धरून आत नेलं. पंत खिडकीशी पेपर वाचत बसले होते. केस पार पांढरे झालेले, पण सदरा तसाच कडक इस्त्रीचा. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"खटारा चालू आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, काका."

"मग बरं आहे."

काकूंनी चहा आणला. सविताताईंनी कप हातात धरला आणि जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच न बोलता म्हणाल्या, "काका, त्या दिवशी मी हसले. मला हसायला नको होतं. म्हणून मी इतकी वर्षं आले नाही. तोंड नव्हतं."

पेपर खाली आला. पंत त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तुला ते आठवतही नसेल."

"रोज आठवतं."

"रोज म्हणू नकोस. रोज कुणालाच काही आठवत नसतं." पण आवाज मऊ झाला होता. "पिशवीत काय आहे?"

सविताताईंनी पानं काढली. क्लाऊडचं सगळं सांगितलं, सुलाबाईंचं सांगितलं. पंतांनी चष्मा बदलला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की विमलकाकू दारात थांबून बघायला लागल्या.

"हे कुणी कचरा म्हणालं?"

"पुण्याची माणसं."

"फोन नव्हते तेव्हा," पंत म्हणाले. "माणसाला तपासणीला बोलवायचं तर कसं बोलवायचं? पत्र टाकलं तर वाचणार कोण? म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, तुमच्या गावात तुम्हाला निरोप कोण सांगेल? शेवटचे दोन आकडे म्हणजे ते माणूस. तीन म्हणजे बोरीच्या शाळेतले गुरुजी. चार म्हणजे पिंगळीचे स्टेशनमास्तर. एकोणीस म्हणजे सोनपेठच्या गाडीचा कंडक्टर. असे चौसष्ट होते."

"आणि पहिला आकडा?"

"तो पेशंट वर्षातून कधी गावात असतो, तो. दोन म्हणजे बारा महिने घरी. सात म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार, पाडव्याला येणार. त्याला मधे बोलवून उपयोग नाही. आणि तो आला की पहिल्या आठवड्यात बोलवायचं, कारण पाच-सहा महिने त्याच्या डोळ्यात कुणी थेंब घातलेले नसतात."

सविताताईंनी पानांकडं बघितलं. पानभर सात होते.

"काका, तुम्ही परभणीला यायला पाहिजे."

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"बसूनच काम आहे."

"त्या चौसष्टांतले मला सगळे आता आठवायचे नाहीत."

"जेवढे आठवतील तेवढे."

उत्तर विमलकाकूंनी दिलं. "जातील ते. दहा वर्षं मी त्यांना पेपरातल्या चुका काढताना ऐकतेय. ने तू त्यांना."

येताना सविताताई सोनपेठ केंद्रात डोकावल्या. तिथला तंत्रज्ञ परमेश्वर तोंड पाडून बसला होता. त्याच्या मनानं घेतलं होतं की सगळं इंटरनेटवर गेलं की केंद्र बंद करणार. "मंग आमी काय करायचं ताई? घरी बसायचं का?" सविताताईंनी त्याला सुलाबाईंची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "अशा जोड्या सोनपेठच्या शे-पाचशे तरी निघतील. त्या एक आहेत का दोन, हे गावात जाऊन कोण बघणार? मला परभणीत बसून कळणार आहे का?" परमेश्वरनं त्याच दिवशी मोटारसायकलची हवा तपासली.

पंत बुधवारी आले. कुठं बसवायचं हा विचार सविताताईंनी केला होता, पण ते थेट रेकॉर्ड रूममध्ये छबूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं डॉक्टर महारुद्र स्वतः चहाचा ट्रे घेऊन खाली आले. दवाखान्यात हे कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच म्हणाले, "काका, तो खटारा म्हणालो ते माझं चुकलं. त्या खटाऱ्यानं माझा दवाखाना चालवला."

पंतांनी कप उचलला. "साखर कमी आहे," ते म्हणाले. पण नंतर दिवसभर ते खुशीत होते.

पुढचे दोन महिने त्या खोलीत जे चाललं ते बाहेरच्याला भांडणासारखंच वाटलं असतं. ज्ञानेश्वरीनं संगणकाकडून संशयित जोड्या काढून घेतल्या. नाव सारखं, गाव सारखं, वय आसपास. सहा हजार चारशे जोड्या निघाल्या. तिचं म्हणणं होतं, नियम घालू आणि संगणकाला ठरवू देऊ. पंत म्हणायचे, नियम मला दाखव. नियम दाखवला की ते त्यात भोक काढायचे. "लग्नाआधीचं नाव एका नोंदीत आणि लग्नानंतरचं दुसऱ्या नोंदीत असेल तर तुझा नियम काय करणार?" ज्ञानेश्वरी चिडायची, आणि तासाभरानं नवा नियम घेऊन यायची. एकदा ती सविताताईंना बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, पुण्यात इतका त्रास मला कुठल्या साहेबानं दिला नाही." मॅडमचं ताई केव्हा झालं ते दोघींनाही कळलं नव्हतं.

नियमातून जे सुटायचं ते छबूबाईंकडं जायचं. सविताताई नाव वाचायच्या, छबूबाई डोळे मिटायच्या. "ही लाल नाडीच्या फायलीतली. उजवा डोळा. ती दुसरी येगळी, तिचा नवरा लंगडतो." दहातल्या तीन-चार तरी त्यांना अशाच सांगता यायच्या. बाकीच्यांसाठी उपकेंद्रांना फोन जायचे आणि परमेश्वर गावोगाव हिंडायचा. वयाच्या रकान्यात पंचावन्न लिहिलेला माणूस त्याला कधी चाळीसचा भेटला, कधी सत्तरचा.

निरोपाची माणसं जुळवायचं काम पंत आणि छबूबाईंनी मिळून केलं. पंतांना बेचाळीस आठवले आणि ते अडले. छबूबाईंनी विचारलं, "ते कंडक्टर लोक का? त्यांच्या हातात चिठ्ठ्या मीच द्यायची की स्टँडवर जाऊन." आणि त्यांनी एकेक करत सतरा नावं सांगितली. कोण कुठं राहायचं, कोण वारलं, कुणाचा मुलगा आता त्याच गाडीवर आहे, सगळं. पाच मात्र राहिले ते राहिलेच.

एका दुपारी पंत ज्ञानेश्वरीला सात या आकड्याचा अर्थ सांगत होते. ऊसतोड, दसरा, पाडवा. ती नेहमी मधेच बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. त्यांचं सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माहितीय काका. आमी पण सातच. मी सहावीपर्यंत फडावरच होते. मग मावशीनं ठेवून घेतलं म्हणून शिकले." पंतांनी चष्मा काढून पुसला. छबूबाईंनी आपल्या डब्यातला धपाट्याचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा माय." त्या दिवसानंतर दोघांचं भांडण थांबलं असं नाही, पण ती घरी जायला निघाली की पंत तिला बोरीची गाडी वेळेवर आहे का ते विचारायला लागले.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी दवाखाना बंद ठेवून सगळी माहिती हलवायची ठरली. सकाळी सातलाच सगळे जमले. बाहेर ऊन तापायला लागलेलं. विमलकाकूंनी पंतांबरोबर मोठा डबा पाठवला होता, पण कुणी उघडला नाही. मधे लाईट गेली, इन्व्हर्टरवर काम चाललं, पंखे बंद ठेवले. दुपारी एकला ज्ञानेश्वरी म्हणाली, "झालं. आता मोजायचं."

इकडचे पेशंट आणि तिकडचे पेशंट यांचा आकडा जुळला पाहिजे होता. जुळला नाही. दोनशे बारा कमी भरले.

ज्ञानेश्वरीनं परत मोजलं, तरी दोनशे बाराच. तिचा चेहरा उतरला. दोनशे बारा माणसं. सविताताईंना त्या क्षणी आकडा दिसेचना, फक्त ओसरीत बसलेली म्हातारी माणसं दिसायला लागली.

"ताई, परत पहिल्यापासून करावं लागेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पाडव्याच्या आत होणार नाही."

"थांब जरा," सविताताई म्हणाल्या. "काका, कमी पडलेत ते कोणत्या सालचे असतील?"

पंत डोळे मिटून बसले होते. त्यांनी विचारलं, "दोन हजार सालच्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला कुणी सापडतो का बघ."

ज्ञानेश्वरीनं बघितलं. एकही नव्हता.

"बरोबर. साल मी दोनच आकड्यांत ठेवलं होतं. नव्याण्णवनंतर शून्य शून्य आलं आणि यंत्राला वाटलं एकोणीसशे साल आलं. सगळ्यांची वयं उलटी दाखवायला लागलं. सुधारायला मला पंधरा दिवस लागले. तोवरचे पेशंट मी वेगळ्या फायलीत ठेवले. नंतर ते वाचताना दिसायचे, पण मुख्य फायलीत घ्यायचे राहून गेले. फाईलचं नाव..." ते थांबले. सविताताईंना वाटलं, आता हे आठवणार नाही. पंत ओशाळून म्हणाले, "फाईलचं नाव विमल."

छबूबाई खो-खो हसल्या. ज्ञानेश्वरीनं शोधलं. फाईल होती. आत दोनशे बारा माणसं होती.

चारला आकडे जुळले. तिकडं सोनपेठला परमेश्वरनं केंद्रातून पहिली नोंद उघडली आणि फोनवर ओरडला, "दिसायलंय ताई! सगळं दिसायलंय!" मग सगळ्यांनी डबा उघडला. जेवण गार झालं होतं, तरी पुरलं नाही.

पाडव्यानंतर गावं भरली. ऊसतोडीहून आलेल्या माणसांची यादी या वेळी आधीच हातात होती, गाववार, कुणाकडून निरोप द्यायचा त्यासकट. शिबिराला तेराशे लोक आले, आजवर कधी इतके आले नव्हते. त्यातल्या एकतीस जणांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. त्यांना त्याच दिवशी थेंब दिले आणि पुढच्या हंगामात जाताना सोबत न्यायची सहा महिन्यांची औषधं कुठून मिळतील ते लिहून दिलं. डॉक्टर महारुद्रांनी बैठकीत सविताताईंचं नाव घेतलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी एकटीनं नाही," आणि मग त्यांनी एकेक करत चौघांची नावं घेतली.

मेच्या शेवटी ज्ञानेश्वरीला हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याची नोकरी आली. तिथंही हेच काम होतं, पण दहा पट मोठं. ती आठवडाभर सांगायचं टाळत होती. शेवटी सांगितलं तेव्हा सविताताई म्हणाल्या, "जा. इथं आता रोजचं राहिलंय, ते मला येतं. तू शिकवलंस की." आणि त्यांना खरंच येत होतं. रोजची प्रत कशी घ्यायची, नव्या माणसाला किती उघडून द्यायचं आणि किती नाही, हे सगळं त्यांनी वहीत मराठीत लिहून काढलं होतं.

स्टेशनवर सोडायला तिघं गेले. विमलकाकूंनी शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. छबूबाई गुडघ्यांना शिव्या देत जिना चढल्या. पंतांनी ज्ञानेश्वरीला एक पाकीट दिलं आणि बजावलं, गाडी सुटल्यावर उघड. ती अर्थातच तिथंच उघडून बसली. आत एका कागदावर, सुबक अक्षरात, नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात कुणाकुणाशी बोलावं ते लिहिलं होतं. फायली लावणारी बाई, सर्वांत जुना कारकून, दारावरचा माणूस. खाली सही.

"काका, तुमी पण चला की हैदराबादला," ती म्हणाली.

"तिथं चहात साखर किती घालतात ते कळव, मग बघू."

गाडी हलली. छबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच कुणी बघितलं का ते पाहिलं. सविताताई हात हलवत उभ्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. सोनपेठहून परमेश्वर बोलत होता. पासवर्ड विसरला होता, आणि समोर पेशंट बसलेले.

"किती आहेत समोर?" सविताताईंनी विचारलं.

"सात-आठ हायत, ताई."

"त्यांना पाणी दे. पाच मिनिटांत सांगते," असं म्हणत त्या छबूबाईंचा हात धरून जिन्याकडं चालायला लागल्या.